बिनहाराचा फोटो

आमच्या ग्रुपचा एक नियम होता आणि तो मीच घालून दिला होता. कुणी फोटो टाकला की आधी त्यातलं एक चांगलं सांगायचं, मग एक खटकलेलं, आणि शेवटी पुन्हा एक चांगलं. मधलं सांगताना 'चूक' म्हणायचं नाही, 'अजून बघता येईल' म्हणायचं. पंचवीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यावर माणसाला एवढं तरी कळतं की चूक म्हटलं की पोरगं वही मिटतं.

ग्रुपमध्ये चाळीसेक जण होते. नांदेडमधला माझा एक जुना विद्यार्थी फोटो स्टुडिओ चालवतो, त्याने तो सुरू केला. लातूरचे, उदगीरचे फ्लेक्सवाले, हदगावचे लग्नाचे फोटो काढणारे, आणि कुठलंच काम नसलेले दोन-तीन हौशी, असा सगळा गोतावळा. दर रविवारी प्रत्येकाने आपण कॉम्प्युटरवर रंगवलेला नाहीतर बदललेला एक फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. बोलायचं म्हणजे अंगठ्याचं चिन्ह टाकायचं. खरं बोलायला त्यांनी मला ठेवलं होतं. 'मॅडम, जरा बघा की,' असं खाली आलं की मी चष्मा लावायची.

हदगावच्या एकाने नवरा-नवरीमागे काश्मीर उभं केलं होतं. मी लिहिलं, 'बर्फ झकास पडलाय. नवरदेवाच्या कपाळावरचा घाम तेवढा अजून बघता येईल. नवरीच्या शालूचा रंग छान राखलात.' निकालाच्या दिवसांत तर लातूरच्या क्लासवाल्यांचे फ्लेक्स धो धो यायचे. अठरा पोरं आणि अठरांच्या अंगात एकच निळा कोट. पोरांनी आयुष्यात कोट घातलेला नसतो, तो फ्लेक्सवाला घालतो. मुंडकी तेवढी बदलायची. एका पोराच्या नाकाची सावली उजवीकडे आणि कोटाची डावीकडे पडली होती. मी लिहिलं, 'कोट अंगाला छान बसलाय, फक्त सूर्य एकच ठेवा.' सगळे हसले. हे क्लास वाढत गेले तसे आमच्या शाळेतले चित्रकलेचे तास गणिताच्या सरांनी घेतले होते, त्यामुळे मला वेळही भरपूर होता.

सगळे म्हणायचे, मॅडम किती शांतपणे सांगतात. मला त्याची गंमत वाटायची. ती शांती नव्हती, मला काही होतच नव्हतं, एवढंच. एकदा औशाकडच्या एका स्टुडिओवाल्याने एक फोटो टाकला. लहानपणीच वारलेल्या मुलाला मोठा करून बहिणीच्या लग्नात उभा केला होता, फेटा बांधून. घरच्यांनीच करून घेतला होता. खाली सगळ्यांनी रडके चेहरे आणि जोडलेले हात टाकले. मी तो मोठा करून पाहिला आणि लिहिलं की फेट्याचे पदर सुंदर उतरलेत, डावा कान थोडा वर घ्यायला हवा. स्टुडिओवाल्याने कान वर घेतला आणि माझे आभार मानले.

ग्रुपमध्ये लातूरची एक मुलगी होती. पंचविशीची असेल. उदगीरजवळच्या खेड्यातून डॉक्टर व्हायला क्लाससाठी लातूरला आलेली. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा मार्क कमी पडले, आणि परत गावी जायचं तोंड नाही म्हणून क्लासच्या गल्लीतच एका फ्लेक्सच्या दुकानात लागली. दिवसभर ती इतरांच्या पोरांना निळा कोट घालायची आणि उरलेल्या वेळात टॅबवर चेहरे रंगवायची. हात फार चांगला होता तिचा. दोन वर्षं मी तिचं काम बघत होते, पण आमची भेट कधी झाली नव्हती. तिला सराव हवा म्हणून एकदा मी आमच्या घरातला फोटो पाठवला. भिंतीवरून काढून, उजेडात धरून, मोबाईलने काढला. लिहिलं, 'माझी आई. कागदाला बुरशी लागली आहे, साफ होते का बघ.'

त्या फोटोबद्दल आधी सांगायला हवं.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी अकरावीला लातूरला होते, वसतिगृहात. आमचं गाव औसा तालुक्यात. वडील, म्हणजे आमचे दादा, गावच्या शाळेत मास्तर होते. त्या रात्री ते शाळेच्या कामाने औशाला मुक्कामी होते. आई घरी एकटी होती. दगडमातीच्या भिंती होत्या, वर मातीचं जड माळवद. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, मी परत सांगत नाही. आमच्या घराचं काही उरलं नाही, आणि मग पाऊस आला. पत्र्याच्या पेटीत आईचे दोन फोटो होते, एक लग्नातला आणि एक मला मांडीवर घेतलेला. पेटी सापडली. आत चिखल होता.

मी तेव्हा रडले नाही. सगळे म्हणाले, धक्क्याने झालंय, येईल नंतर रडू. ते काही आलं नाही. आपल्याला परत काहीतरी विचारतील म्हणून मी लोकांसमोर डोळे पुसून दाखवायची.

दोन-तीन महिन्यांनी उदगीरची मावशी आली आणि म्हणाली, घरात तिचा एक फोटो पाहिजे. फोटोच नाही तर पाहिजे कुठून? पण मावशीने चौकशी करून ठेवली होती. लातूरला एक म्हातारा स्टुडिओवाला होता. त्या दिवसांत त्याच्याकडे आमच्यासारखेच लोक यायचे, मेलेल्याचा एकही फोटो हातात नसलेले. तो सांगायचा, घरातलं जे माणूस गेलेल्यासारखं दिसतंय त्याला आणून बसवा. मुलाला बापाच्या जागी, बहिणीला बहिणीच्या जागी. त्याचा फोटो काढायचा आणि मग रंगाने वय वाढवायचं नाहीतर कमी करायचं. बसवणं, असंच म्हणायचे त्याला. 'आज सकाळपास्नं तिघं बसवले,' असं तो आम्हाला म्हणाला.

मावशी माझ्या आजोबांवर गेलेली, रुंद तोंडाची. आई आजीसारखी. त्यामुळे मावशी बसून उपयोग नव्हता. मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं, 'ही बसंल. आईवरच गेलीय.'

मला पडद्यामागे नेऊन मावशीने आपली हिरवी साडी नेसवली, डोक्यावरून पदर दिला, केसांचा अंबाडा घातला आणि रुपयाएवढं कुंकू लावलं. सवाष्ण गेलेली, म्हणून सगळं हिरवंगार. आपल्या गळ्यातलं मंगळसूत्र मात्र तिने मला घातलं नाही, ते स्टुडिओवाला नंतर रंगवणार होता. मी स्टुलावर बसले. समोरच्या बाकावर दादा होते. स्टुडिओवाला म्हणाला, 'गुरुजी, बाईंचं काय निराळं होतं ते सांगा, तसं करू.' सगळं मावशीच बोलली. नाकातलं असं होतं, कपाळ तसं होतं, रंगानं उजळ होती. मग स्टुडिओवाला मला म्हणाला, 'हलू नको बेटा. हसू नको आन् रडू बी नको.' तो उजेड बदलून बदलून फोटो काढत राहिला आणि मी दोन तास हलले नाही. ते मला फार सोपं गेलं.

आठ दिवसांनी फोटो तयार झाला. गालावर सुरकुत्या, डोळ्यांच्या कडेला रेघा, कानाजवळ चार पांढरे केस. स्टुडिओवाल्याने तो उजेडात धरला आणि विचारलं, 'कसा झालाय गुरुजी? कमी-जास्त असंल तर सांगा, अजून रंग वल्ला हाय.' दादांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, 'हुबेहूब.' मावशी रडायला लागली. आम्ही फोटो कागदात गुंडाळून घेऊन आलो.

दादांनी लातूरला खोली केली, तिथे तो भिंतीवर लागला. वर्षश्राद्धाला मावशी हार घेऊन आली. दादा म्हणाले, 'हार नको.' मावशीला आधी कळलंच नाही. मग ती बोलायला लागली. माझी बहीण सवाष्ण गेली, तिच्या फोटोला साधा हार नको? बायको गेली तर माणूस देव्हारा करतो, आन् तुम्हाला हार जड झाला? दादांनी चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. मावशी हार तसाच परत घेऊन गेली आणि नंतर मरेपर्यंत आमच्या घरी जेवली नाही.

पुढच्या वर्षी मी स्वतः झेंडूचा हार आणला, खिळ्याला अडकवला आणि कॉलेजला गेले. संध्याकाळी आले तर हार तुळशीला घातलेला. मी विचारलं तर म्हणाले, 'वाळून घाण होतीय भिंत.' मी त्यांच्याशी चार महिने बोलले नाही. त्यांनीही बोलायला लावलं नाही. माझी खात्री झाली की आईचं त्यांना काही नव्हतं. आतून कोरडा माणूस. पुढे मला माझ्यातही तो कोरडेपणा दिसायला लागला तेव्हा मी त्याचं खापरही त्यांच्यावरच फोडलं, हे सोयीचं होतं.

नोकरी लागली तशी मी नांदेडला आले, निवृत्त झाल्यावर दादा माझ्याकडे आले. मी लग्न केलं नाही. घरात आम्ही दोघंच, आणि भिंतीवर तो फोटो, हार नाही, उदबत्ती नाही. दादा फक्त एक करायचे. रोज आंघोळ झाली की खांद्यावरच्या पंच्याने त्या फोटोची काच पुसायचे. सावकाश, कोपऱ्यांतून. मी म्हणायची मास्तरकीची खोड आहे, फळा पुसल्याशिवाय यांचा दिवस सुरू होत नाही.

येणारे-जाणारे फोटोकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, अगदी आईवर गेलायत तुम्ही. मला बसवलं होतं हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि लक्षात असणं यात फरक पडत जातो. आई गेली तेव्हा अडतीस वर्षांची होती. मी अडतीसची झाले, तिला मागे टाकून पुढे गेले, आणि आईचा चेहरा आठवायला गेलं की मला तो फोटोच आठवायचा. दुसरं काही उरलंच नव्हतं. मला याचं वाईट वाटत होतं असं म्हणावं तर तसंही नाही. मी नोंद घेतली होती.

तर हा फोटो मी त्या मुलीला पाठवला. चार दिवसांनी तो साफ होऊन आला, बुरशीचा डाग शोधून सापडेना. त्याबरोबर तिने मला एकटीला लिहिलं होतं, आमच्या नियमाप्रमाणे.

'मॅडम, आधी चांगलं. साडीच्या काठावर त्या माणसाने इतकं सफाईने काम केलंय की मी तिथे हातच लावला नाही. अजून बघता येईल असं म्हणजे, राग मानू नका, या चेहऱ्याचं वय जुळत नाही. सुरकुत्या वरून दिल्यात पण खालचा गाल सोळा-सतराचा आहे. मान पण. डोळे तर शाळेतल्या मुलीचे आहेत. शेवटी चांगलं, तुम्ही अगदी तुमच्या आईसारख्या दिसता.'

मी तिला लिहिलं, 'छान निरीक्षण. शाबास.' मग भाकरी टाकली, दादांना वाढलं, मी जेवले, भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा काच पुसत होते. काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेलेला आहे आणि दुसरा चाललाय, त्यामुळे ते आता चेहरा काचेला टेकवूनच पुसतात. मी मागे उभी राहून विचारलं, 'दादा, या फोटोत आई किती आहे?'

त्यांचा हात थांबला नाही. 'कुंकू तिचं हाय,' ते म्हणाले.

'आणि बाकी?'

'बाकी तूच हायीस.'

'मग तेव्हा हुबेहूब का म्हणालात?'

त्यांनी पंचा झटकला, घडी करून खांद्यावर टाकला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. पेपर उघडला. त्यांना आता पेपर वाचता येत नाही, पण उघडतात. मी चहा आणून ठेवला. मग पेपराच्या मागूनच म्हणाले, 'ती लातूरची पोरगी कोरा कागद घेऊन चेहरा काढती का? नुसतं सांगितल्यावर?'

'काढते.'

'मग बोलव तिला. लवकर बोलव. हा डोळा बी आता दिवाळीपतूर ऱ्हाईल का न्हाई सांगता येत न्हाई. ती कशी दिसत होती हे ठावं असलेलं दुसरं कुणी जित्तं न्हाई आता. मला दिसंना झालं की बरोबर आलं का चूक, ते सांगायचं कुणी?'

मी हिशेब केला, खरंच कोणी नव्हतं. मावशी गेली होती, गावातले आईच्या वयाचे बहुतेक तिच्याबरोबरच गेले होते. आईचा चेहरा दादांच्या एका डोळ्यामागे होता आणि तो डोळा मिटत चालला होता. मला ते समजलं, पण एखादं गणित समजावं तसं. मी मुलीला फोन केला.

ती रविवारी आली, लातूरहून पहिल्या एसटीने. मला वाटली होती त्यापेक्षा बुटकी, पाठीला सॅक, पायात स्पोर्ट शूज. वाकून दादांच्या पाया पडली. खिडकीपाशी दादांची खुर्ची होती, तिच्याजवळ स्टूल घेऊन बसली आणि मांडीवर टॅब घेतला. तिने आधी तो साफ केलेला फोटोच उघडला. म्हणाली, 'आजोबा, यावरूनच सुरू करू. तुम्ही सांगाल ते बदलत जाते.'

'न्हाई,' दादा एकदम म्हणाले. 'ह्याला हात लावू नको. ही पुसायची न्हाई. कोरं घे.'

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तिने कोरं घेतलं.

पुढचे चार तास मी त्या खोलीत आत-बाहेर करत होते. दादांना आमचा नियम माहीत नव्हता. त्यांनी आधी चांगलं सांगितलं नाही आणि नंतरही नाही. नाक जवळजवळ टॅबला लावून ते नुसते 'चूक' म्हणायचे. कपाळ मोठं, चूक. नाक तिचं असं न्हाई, हे हिचं हाय, बसकं पाहिजे. हनुवटीवर खळी कशाला, ती हिची. मुलगी पुसायची, परत काढायची. मी तिला पाणी द्यायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, 'मॅडम, आजोबा थेट सांगतात. बरं वाटतं.' मला जरा लागलं ते. दोन वर्षं मी हिला गोड गोड बोलून शिकवत होते.

'रंग काय होता, आजोबा?'

'सावळा. तिची बहीण म्हनली उजळ. उजळ कुठली? उन्हानं न्हाई, मूळचीच सावळी.'

'दात?'

'वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. म्हणून पदर तोंडाला लावून हसायची. तोंड मिटलेलं ठेव पण व्हट जरा वर उचल, आत दात हाय म्हणल्यावर तसं व्हतंय.'

मी दारात उभी राहून ऐकत होते. हा चढलेला दात मला आठवत नव्हता. डाव्या भुवईत मधेच थोडे केस नव्हते, लहानपणी बाजेवरून पडली होती, तेही आठवत नव्हतं. या माणसाला मी कोरडा म्हणत होते, आणि त्याला बायकोच्या भुवईतली तुटलेली जागा तीस वर्षांनी बोटाने दाखवता येत होती. पोटच्या मुलीला दात आठवत नव्हता. मला लाज वाटली. बऱ्याच वर्षांनी काहीतरी वाटलं, ते हे.

दुपार झाली. मुलगी म्हणाली, आता डोळे. तिने छान टपोरे डोळे काढले, ती फ्लेक्सवर काढते तसे. दादा बघत राहिले आणि पहिल्यांदाच त्यांना चूक म्हणवेना.

'असे न्हवते,' ते म्हणाले. 'तिला लांबचं दिसत नव्हतं. चष्मा पाहिजे होता. लातूरला जाऊ तवा घेऊ, घेऊ, असं मी म्हणत ऱ्हायलो. ते ऱ्हाऊन गेलं.' मग टॅबवर बोट ठेवून, 'डोळे बारीक करून बघायची. तसं कर.'

मुलीने डोळे बारीक केले. वरच्या पापण्या खाली घेतल्या, भुवया थोड्या जवळ आणल्या, डोळ्यांच्या कडेला दोन रेघा दिल्या. टॅब आमच्याकडे वळवला.

शनिवारी मी लातूरहून गावी यायची तेव्हा आई फाट्यावर उभी असायची. एसटीतून चार-पाच जण उतरायचे. ती उन्हात डोळे बारीक करून एकेकाकडे बघायची, ही का ती, ही का ती, आणि मी अगदी जवळ जाईपर्यंत तिला मी सापडायची नाही. टॅबमधून ती तशीच बघत होती. ही आई होती. मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

मुलगी म्हणाली, 'मॅडम, आता तुम्ही सांगा. नियमाप्रमाणे.'

मी म्हणाले, 'मला काही सांगता येत नाही,' आणि चहा ठेवायला आत गेले. चहा नुकताच झाला होता. मी ओट्याला धरून उभी राहिले. रडू आलं नाही, पण छातीत जोरात दुखलं, आणि ते दुखणं मला हवंसं वाटलं.

पंधरा दिवसांनी फ्रेम होऊन आली. मी ती जुन्या फोटोशेजारी लावली. दादांनी तोंड जवळ नेऊन खालपासून वरपर्यंत पाहिलं. मी शाळेत गेले, आणि मधल्या सुट्टीत घरी फोन केला तर कोणी उचलेना. धावत आले. घराला कडी. एका डोळ्याचा, तोही अधू, पंचाहत्तरीचा माणूस काठी घेऊन रहदारीत गेलेला. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून चिडायची तयारी करत होते, तेवढ्यात ते आले. हातात वर्तमानपत्राचा पुडा होता. पुड्यातून शेवंती दिसत होती.

आत आल्यावर त्यांनी हात-पाय धुतले. पुडा सोडून हार काढला. मला म्हणाले, 'खिळा कुठं हाय दाव.' मी त्यांचा हात धरून फ्रेमवर नेला. त्यांनी चाचपून हार घातला, दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि मागे सरून उभे राहिले.

मी विचारलं, 'दादा, इतकी वर्षं का नाही घातला?'

त्यांनी जुन्या फोटोकडे मान वळवली. 'जित्या लेकीच्या फोटोला हार घालतेत का?'

ते बोलत राहिले, भिंतीकडे बघून. 'तुझी मावशी लई बोलली. तू बी अबोला धरलीस. पण काय सांगू? तू दोन घंटे हलली न्हाईस त्या स्टुलावर. आई मिळाली म्हणून तू तो फोटो घेऊन आलीस. ही तुझी आई न्हाई म्हणलो असतो तर तुझी आई दुसऱ्यांदा गेली असती. म्हणून हुबेहूब म्हणलो.'

'आणि रोज काच पुसायचात ते?'

'तुला बघायचो,' दादा म्हणाले. 'दोघीतली एक ऱ्हायली म्हणून.'

मग त्यांनी जुना फोटो खिळ्यावरून उतरवला, सवयीने पंच्याने एकदा पुसला आणि माझ्या हातात दिला. मी तो मांडीवर घेऊन खाली फरशीवर बसले. सतरा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर कुणीतरी सुरकुत्या काढल्या होत्या, आणि ती मुलगी हलू नको सांगितल्यामुळे हलत नव्हती. मी रडायला लागले. मोठ्याने, नाक वाहत, शेजारी ऐकतील असं. दादा खुर्ची ओढून जवळ बसले आणि त्यांनी मला थांबवलं नाही.

संध्याकाळी मुलीचा मेसेज आला. 'मॅडम, फ्रेम कशी झाली? आजोबा काय म्हणाले? अजून बघता येईल असं काही?'

मी लिहिलं, 'दादांनी हार घातला.'